टोपी घातल्याबिगार सोडणार न्हाय

दसऱ्याच्या तोंडावर बाजारात झेंडूचे ढीग लागले, की ती घटना मला आजही आठवते. लोक फुलांचा भाव करत उभे असतात आणि मी वाट वाकडी करून जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पुराच्या पाण्यात फुगलेली प्रेते दोर लावून ओढून काढली. त्यातले बरेचसे विसरलो. कागदावर साधा अपघात म्हणून मिटलेले हे एक प्रकरण मात्र विसरता आले नाही. त्यातली माणसे कोल्हापुरातच आहेत, म्हणून कोणाचेही नाव घेत नाही.

सत्तरचे दशक संपत आले होते. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशीच्या बंदोबस्ताने सगळ्यांचे पाय भरून आले होते आणि शिपायांच्या खिशांत अजून आपट्याची पाने होती. असा दिवस चहा पीत निघून गेला तर बरे, असे मनात येते न येते तोच सरकारी दवाखान्यातून फोन आला. लाकडाच्या कारखान्यातला एक माणूस करवतीत सापडला होता, आणि दवाखान्याच्या दारातच गेला होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली, अकस्मात मृत्यू दाखल केला आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

कारखाना म्हणजे शाहूपुरीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड. दारांच्या आणि खिडक्यांच्या चौकटी तिथे बनत. दोन भाऊ ती चालवायचे. थोरला चाळिशीचा, धाकटा पंचविशीचा. आईबाप लवकर गेल्यामुळे धाकट्याला थोरल्याने आणि त्याच्या बायकोने वाढवले होते. गेला तो थोरला.

शेडच्या मधोमध ते यंत्र उभे होते. हल्ली अशी सरकती करवत खोक्यात घालून दुकानात मिळते. तेव्हा मिळत नव्हती. कोणीतरी मासिकातले चित्र दाखवले आणि उद्यमनगरातल्या एका कारखानदाराने ती हुबेहूब बनवून दिली. कोल्हापुरात असे करून देणारे पैशाला पासरी आहेत. टेबलावर लाकूड आडवे ठेवायचे आणि वर रुळावर टांगलेली मोटर, तिच्या फिरत्या गोल पात्यासकट, मूठ धरून आपल्याकडे ओढायची, की चौकटीचा कोपरा तिरका कापून निघायचा. हाताने अर्धा तास लागणारे काम चहाचा घोट घेईपर्यंत व्हायचे.

पाते लाल होते. आदल्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारा-अवजारांची पूजा, झाली होती. त्यामुळे त्या लालात कुंकू किती आणि रक्त किती, हे मला कळेना. समोरच्या भिंतीवर देवाचा फोटो होता. खालच्या फळीवर नारळ, विझलेली उदबत्ती आणि एका खोलगट लोखंडी भांड्यात झेंडूची फुले होती. पूजा अजून हलवलेली नव्हती. पंचनामा केला, रक्ताचे नमुने घेतले, शेडला कुलूप लावले. डॉक्टरांनी डाव्या हाताची मोठी रक्तवाहिनी तुटून मृत्यू, असे सांगितले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

संध्याकाळी ठाण्यात शेजारचा सायकल दुकानदार आला. पंक्चर काढलेले काळे हात घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याने आधी बाहेर कोण आहे ते बघून घेतले.

"साहेब, ह्यो अपघात न्हाय," तो म्हणाला. "मी कानानं ऐकलंय. मधी नुसता पत्राच हाय की."

"काय ऐकलंत?"

"भांडान चाललंतं. धाकटा वरडत हुता, 'टोपी घातल्याबिगार सोडणार न्हाय!' थोरला म्हनतोय, 'मला शिकवतोस व्हय रं?' मग थोरल्यानं बोंब ठोकली, 'सोड! सोड म्हणतोय न्हवं!' आणि लगीच किंकाळी. पळत गेलो तर त्यो रक्तात."

आपल्याकडे टोपी घालणे म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही सांगावे लागत नाही. धाकट्याचे लग्न ठरले होते, वेगळे बिऱ्हाड करण्याची बोलणी चालली होती, हे गल्लीला माहीत होते. म्हणजे वाटणीत भावाला फसवायचे ठरवून धाकटा उघड उघड बोलतो, तुला टोपी घातल्याशिवाय सोडणार नाही. झटापट होते. थोरला "सोड, सोड" म्हणून गयावया करतो. आणि हा त्याला चालत्या पात्यावर ढकलतो. गोष्ट अशी सरळ जुळत होती की हवालदाराने कागदाला कार्बन लावायलाही घेतला. दुकानदार खोटे बोलत नव्हता. खोटा साक्षीदार मला सहसा फसवू शकला नाही, खऱ्या साक्षीदारांनी मात्र बऱ्याचदा फसवले आहे.

धाकट्याला स्मशानातूनच आणावे लागले. अंगावर ओला पंचा, डोके भादरलेले, कारण थोरल्याला मूलबाळ नव्हते आणि अग्नी यानेच दिला होता. मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

"काय झालं शेडमध्ये?"

"म्याच मारला आण्णाला."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. त्याच्या तोंडावर समाधान मावत नव्हते.

"कसा मारलास?"

"माझ्या हातानं गेला, साहेब. लिवा तसं."

"भांडण कशावरून झालं?"

गप्प.

"टोपी घातल्याशिवाय सोडणार नाही, असं म्हणालास की नाही?"

"म्हनलो."

"म्हणजे काय?"

दटावून विचारले, गोडीत विचारले, गेलेल्या आईची शपथ घातली. तो जमिनीकडे बघत राहिला. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ती पचत नव्हती. खून केलेला माणूस आधी नाकारतो, मग दुसऱ्याचे नाव घेतो, मग मयतालाच दोष देतो आणि शेवटी अर्धे कबूल करतो. हा पहिल्याच फटक्यात सगळे कबूल करत होता आणि तपशील विचारला की दातखीळ बसत होती. बाहेर नेताना त्याने मला एकच प्रश्न विचारला.

"साहेब, वैनीनं पानी तरी घेतलं का, कुणाला इचारता का?"

मी शिपाई पाठवून विचारले. घेतले नव्हते.

वरिष्ठांना फोनवर सगळे सांगितले. त्यांचे म्हणणे, साक्षीदार आहे, हेतू आहे, आरोपी स्वतः बोलतो आहे, मग तुम्ही वाट कसली बघता? उद्या खुनाचा गुन्हा नोंदवा, अटक दाखवा आणि कोर्टापुढे उभा करून कोठडी मागा. त्यांचे चुकत नव्हते. पण एकदा ते कलम लागले की सुटला तरी हा पोरगा गल्लीत भाऊमाऱ्याच राहणार होता आणि ठरलेले लग्न तर दुसऱ्याच दिवशी मोडले असते. मी सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

सकाळी मी यंत्र बनवणाऱ्या त्या कारखानदाराला बोलावून शेड उघडली. गृहस्थ लुनावरून आले. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेने, आणि आवाज असा की पत्रा वाजावा. आपल्या मशीनला बट्टा लागणार म्हणून ते आधीच तापले होते.

"माझ्या मशीनची चूक असली तर मिशी उतरवतो," असे म्हणत ते आत शिरले, यंत्रापुढे उभे राहिले आणि एकदम थांबले.

"हिची टोपी कुटं हाय?"

मी दारात उभा होतो. माझी टोपी माझ्या डोक्यावर होती. तरी हात वर गेला.

"कुणाची टोपी?"

"हिची, साहेब! करवतीची. पात्यावर घालायची. टोपी न्हाय तर मशीन सोडायचंच न्हाय, असं मी धा येळा बजावलंतं दोघास्नी."

"सोडायचं म्हणजे?"

"म्हंजे बटन दाबायचं. पानी सोडत्यात, करंट सोडत्यात, तसं मशीन सोडायचं. स्टार्टर त्यो बगा, पार त्या भिंतीला. एकानं हितं लाकूड धरायचं आणि वरडायचं, सोड. दुसऱ्यानं तितनं सोडायचं. लई येळा म्हनलो, स्टार्टर हाताशी घ्या. ऐकत्यात कुटं?"

मी तिथल्याच एका ओंडक्यावर बसलो. टोपी घातल्याबिगार सोडणार न्हाय. जो तो शब्द जागच्या जागी होता आणि अर्थ पार उलटा होता. मारेकऱ्याची धमकी म्हणून मी रात्रभर जे वाक्य चघळत होतो, ते भावाचा जीव वाचवण्यासाठी केलेले भांडण होते.

कारखानदारांना मग मी सगळे सावकाश सांगायला लावले. त्यांनी यंत्रावर हात ठेवून, पोराला शिकवावे तसे मला शिकवले. आधी मेन स्विच बंद आणि मगच पात्याला हात. पात्याचा नट आवळलेला हवा, दात शाबूत हवेत. टोपी वरून बसवून तिचे बोल्ट पान्याने आवळायचे, नुसते बोटाने नाही. लाकूड मागच्या लोखंडी पट्टीला घट्ट टेकले पाहिजे, मध्ये भुसा किंवा कपचीही राहता कामा नये. तुकडा लहान असेल तर हाताने धरायचाच नाही, शिकंज्यात आवळायचा. पात्यापासून हात निदान वीतभर लांब, अंग पात्याच्या रेषेत नाही, शर्टाची बाही मोकळी नाही. पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच मूठ ओढायची, आणि तीही धीराने. हे पाते लाकडात शिरले की आपणहून अंगावर धावून येते, त्याला हाताने आवरून धरायचे असते. कापून झाले की मोटर मागे सारायची, बंद करायची आणि पाते उभे राहीपर्यंत टेबलावरचा तुकडा उचलायचा नाही.

"आता ह्ये बगा," ते वाकून म्हणाले. "लाकूड टेकलंच नव्हतं."

त्यांनी पट्टीच्या बुडातून नखाने काहीतरी उकरून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. चेंगरलेला झेंडू होता. पूजेच्या हारातला एक सुटून पट्टीमागे पडला होता. लाकूड त्याच्यावर टेकले, पाते लागताच ते गचकले, आखूड तुकडा धरलेला हात आत ओढला गेला आणि पात्यावर टोपी नव्हती.

ते फूल पाहिले आणि मी फळीकडे वळलो. देवाच्या फोटोखालचे ते खोलगट लोखंडी भांडे उचलून मी त्यातली फुले बाजूला केली. दोन्ही कडांना बोल्टची भोके होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले होते आणि सगळ्यांनी पूजेचे भांडे समजून सोडून दिले होते.

ठाण्यात येऊन मी ती टोपी धाकट्यापुढे टेबलावर ठेवली. त्याने ती पाहिली आणि तो पहिल्यांदा खुर्चीत बसला. बराच वेळ तो हुंदके देऊन रडला. मी रडू दिले. मग तो बोलला.

खंडेनवमीला वहिनी पूजेचे ताट घेऊन शेडमध्ये आली होती. ती हळदकुंकू लावायला गेली तर पात्यावर टोपी. ती हसून म्हणाली, ह्येचं त्वांड झाकून पूजा करायची व्हय? टोपीला कुंकू लावून काय उपेग, पोट ह्या पात्यावर चालतंय न्हवं? थोरल्याने हौसेने पाना घेतला आणि टोपी उतरवली. तिने पात्याला पाचही बोटे कुंकवाची ओढली, हार घातला. टोपी रिकामी पडली होती, खोलगट होती, म्हणून तिने तीत फुले ठेवून ती देवापुढे मांडली. दसऱ्यानंतर हार निघाला. टोपी तिथेच राहिली, कारण पूजा हलवायची बाकी होती आणि देवापुढचे उचलायला थोरला तयार नव्हता. शिवाय टोपीविना पेन्सिलीची रेघ स्वच्छ दिसते, हेही त्याला आवडले होते.

"मी म्हनलो आण्णाला, टोपी घातल्याबिगार सोडणार न्हाय. त्यो म्हनला, एक चौकट कापूस्तवर काय व्हतंय? लई वरडला. मोठा हाय, साहेब. त्येच्या शब्दाभाईर कवा गेलतो न्हाय. दाबलं बटन. म्याच दाबलं."

"हे काल का बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर इचारलं असतं, टोपी कुणी काडली आणि कशापायी. मग वैनीपातूर आलं असतं. ती आईगत हाय मला. आपल्या कुंकवापायी आपला नवरा गेला, ह्ये तिला कळलं तर ती जगंल का? फाशी द्या मला, पन तिला कळू देऊ नगा."

मी पुष्कळ जबाब घेतले आहेत. जीव वाचवण्यासाठी खोटे बोललेले किती, याची गणती नाही. दुसऱ्याला खरे कळू नये म्हणून मरायला निघालेला हा एकच भेटला. हवालदाराने कार्बन काढून घेतला आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्याला घरी सोडले. वहिनीचा जबाब घेणे भाग होते, म्हणून मी स्वतःच गेलो. सुतकातले घर. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिने त्यांना आत पाठवले आणि पदर सावरून उंबऱ्याशी बसली. कपाळ पुसलेले होते. वय पस्तिशीच्या आतलेच.

मी ठरवून गेलो होतो, की यंत्राबद्दल अवाक्षर काढायचे नाही. तिनेच विचारले.

"साहेब, टोपी घावली का?"

मी म्हणालो, "घावली."

"फुलं हुती तीत?"

मी जबाबाचा कागद उलगडू लागलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला उत्तर मिळाले.

"म्याच काडाय लावली, साहेब. त्यांस्नी दवाखान्यात न्हेलं, तवाच मला उमगलंतं. भावजींनी सांगितलं न्हाय न्हवं तुमास्नी?"

"नाही," मी म्हणालो. नोकरीत मी बोललेले हे सर्वांत सरळ खोटे.

"त्येनला वाटतंय, मला ठाव न्हाय. तसंच ऱ्हाऊ द्या. बटन दाबल्याचं वझं त्येंच्यावर लई हाय. माजं आनि कशाला? मला ठाव हाय म्हनून त्येनला सांगू नगा, तेवडं करा माझ्यासाटी."

मी जबाब लिहून घेतला. नवऱ्याशी दिराचे संबंध चांगले होते, घातपाताचा संशय नाही. तिने अंगठा उठवला. अहवालात मी लिहिले, पात्यावरचे संरक्षक झाकण साफसफाईसाठी काढलेले होते व ते बसवण्यापूर्वी यंत्र चालू केल्याने अपघात. पूजा ही साफसफाईच असते, असे मी स्वतःला समजावले. प्रकरण मिटले. सायकल दुकानदाराला बोलावून टोपी दाखवली, तेव्हा तो कपाळावर हात मारून मटकन खाली बसला आणि तिथून उठून थेट धाकट्याचे पाय धरायला गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते थोडक्यात सांगतो. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हेच सांगत आलो. साक्षीदाराने काय ऐकले एवढ्यावर थांबू नका. ज्याच्या तोंडचा शब्द असेल, त्याच्या कामाच्या जागेवर जाऊन तो पुन्हा ऐका. शेतातले 'सोड' वेगळे, भांडणातले वेगळे, कारखान्यातले वेगळे. आणि गप्प बसलेला माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असे धरून चालू नका. हे झाले पोलिसांसाठी. पण त्या घरासाठी मी काय करावे, हे मला पुढे वर्षभर सुचत नव्हते. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि दोघांच्याही कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

धाकट्याचे लग्न वर्षाच्या आत उरकले, तशी रीतच आहे. पुढच्या खंडेनवमीला तो ठाण्यात येऊन म्हणाला, "साहेब, पूजेला या." मी गणवेशावरच गेलो. स्टार्टर आता यंत्राशेजारी, हाताच्या अंतरावर बसवला होता. टेबलाला नवा शिकंजा होता. पात्यावर टोपी होती.

नव्या नवरीने ताट घेतले. वहिनी मागे, दाराच्या कडेला बसली होती. विधवेने पुढे व्हायचे नाही म्हणून कोणी तिला बोलावले नव्हते आणि तीही आली नव्हती. नवरीने कुंकवात बोटे बुडवली, पात्याकडे पाहिले आणि भोळेपणाने नवऱ्याला विचारले, "अवो, ही टोपी काडायची का? पात्याला कुंकू लागाय पायजे न्हवं?"

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने वहिनीकडे बघायचे टाळले. मीही माझी नजर जमिनीवर ठेवली.

वहिनी उठली. लोकांतून वाट काढत पुढे आली. कुंकवाच्या ताटाला तिने हात लावला नाही. फळीवरचा पाना उचलला, टोपीचा एक बोल्ट आवळला, मग पलीकडे जाऊन दुसरा आवळला आणि टोपी हलते का ते दोन्ही हातांनी बघितले.

"टोपीलाच लाव, बाई," ती जावेला म्हणाली. "गेल्या साली म्या काडाय लावली हुती."

धाकट्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिले. तिनेही पाहिले. मग तो लहान पोरासारखा तिच्या पायाशी बसला. ती हातातला पाना न सोडता, दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.